जिंकलेला पक्ष, दमलेली चळवळ

प्रश्न असा आला आहे: 'अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाने २०२४ मध्ये अध्यक्षपद आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं जिंकली, सुप्रीम कोर्टातही त्यांच्या विचारांचं बहुमत आहे. तरी तिथले जुने कॉन्झर्व्हेटिव्ह लोक चळवळ संपली म्हणून सुतक का पाळतात? आणि खरंच संपली असेल, तर ती पुन्हा उभी राहील का?' विचारणारे पुण्यात राज्यशास्त्र शिकतात आणि 'पुस्तकी उत्तर नको, तिथे काम केलेल्या माणसाचं हवं' अशी अटही त्यांनी घातली आहे.

ती अट मला सोयीची आहे, कारण पुस्तकी उत्तर मला येणारही नाही. मी १९८९ मध्ये सांगलीहून ओहायोत शिकायला आलो आणि इथलाच झालो. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्याच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, रिपब्लिकन मतपत्रिका मागितली. ओहायोत पक्षाची वेगळी नोंदणी नसते. प्रायमरीला ज्या पक्षाची मतपत्रिका मागाल, तो तुमचा पक्ष. पुढे आमच्या प्रिसिंक्टमधून, म्हणजे एका मतदान केंद्राच्या हद्दीतून, काउंटी कमिटीवर निवडून आलो. 'निवडून' हा शब्द जरा मोठाच झाला. मोजक्या सह्या गोळा करून अर्ज भरायचा असतो आणि बहुतेक वेळा समोर कुणी नसतंच. तेव्हापासून दारं ठोठावणं, याद्या करणं, फायरहाऊसच्या सभागृहात पातळ कॉफी पीत ठरावांवर भांडणं, हे माझं राजकारण. खाली जे लिहितोय ते त्या खुर्चीतून दिसलेलं आहे.

आधी एक शब्दाचा घोळ सोडवू. मराठी वर्तमानपत्रं कॉन्झर्व्हेटिव्हचं भाषांतर 'पुराणमतवादी' असं करतात. तो शब्द वाचला की आपल्यासमोर सोवळं नेसलेला कुणी गृहस्थ उभा राहतो. अमेरिकेत जे जपायचं म्हणतात ती मुळात १७८७ ची राज्यघटना आहे, आणि ती तिच्या काळातली बंडखोरांची घटना. म्हणजे इथला कॉन्झर्व्हेटिव्ह एका क्रांतीची राखण करतो. सरकार लहान असावं, बाजार मोकळा असावा, चर्च आणि कुटुंब यांत सरकारने नाक खुपसू नये, आणि परदेशात कम्युनिस्टांशी दोन हात करावेत, या चार गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या गेल्या त्या १९५० च्या दशकात. त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नव्हेत. मोकळा बाजार गावाचं चर्च आणि गावचा कारखाना दोन्ही मोडू शकतो, हे तेव्हाही कळत होतं. पण सोव्हिएत रशिया नावाचा, शोधावा न लागणारा शत्रू समोर होता, म्हणून गाठ टिकली.

दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. पक्ष वेगळा, चळवळ वेगळी. रिपब्लिकन पक्ष १८५४ पासून आहे. चळवळ त्यात भाडेकरू म्हणून शिरली आणि हळूहळू मालकीण झाली. मासिकं, अभ्यासगट, वकिलांच्या संघटना, शाळेच्या बोर्डावर जाऊन बसणाऱ्या बाया, पन्नास डॉलरचा चेक पाठवणारे निवृत्त शिक्षक, हा सगळा गोतावळा म्हणजे चळवळ. तिचं काम काय? पक्ष निवडून आणणं हे अर्धं. उरलेलं अर्धं काम पक्षाला 'नाही' म्हणणं. सुतक ज्याचं पाळलं जातंय ते या दुसऱ्या अर्ध्याचं आहे.

आता मेल्याच्या बातमीबद्दल. ही बातमी इतक्यांदा छापून आली आहे की आमच्या कमिटीतल्या एका म्हाताऱ्या बाई तिला 'दर आठ वर्षांचा फ्लू' म्हणायच्या. सगळ्यात खरी वाटलेली बातमी १९६४ ची. अॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर लिंडन जॉन्सन यांच्यासमोर उभे राहिले आणि पन्नासपैकी सहा राज्यं जिंकले. अध्यक्ष ठरवणाऱ्या ५३८ इलेक्टोरल मतांपैकी ५२. त्या सहांतलं एक त्यांचं स्वतःचं, बाकीची पाच दक्षिणेतली. आणि ती पाच का मिळाली हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिलं होतं. कारण त्यांनी घटनात्मक दिलं, पण मिसिसिपीतल्या गोऱ्या मतदाराने ते कारण वाचून मत दिलं नव्हतं. विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या चळवळीच्या मुखपत्रानेही १९५७ मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेणारं संपादकीय छापलं होतं. सावळ्या कातडीचा माणूस असून मी या पक्षात कसा, असं इथली मराठी मंडळी मला विचारतात, तेव्हा या दोन गोष्टी मी स्वतःच आधी सांगतो. ज्या घरात राहायचं त्याची गळती कुठे आहे ते माहीत हवं.

पण १९६४ च्या त्या राखेत काय घडलं ते पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. निवडणुकीआधी आठवडाभर, २७ ऑक्टोबरला, एका उतरत्या काळातल्या नटाने टीव्हीवर गोल्डवॉटरसाठी अर्ध्या तासाचं भाषण केलं. तो रोनाल्ड रेगन. दोन वर्षांत तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यापेक्षा दुसरी मोलाची वाटते. रिचर्ड व्हिगरी नावाचा टेक्ससचा एक तरुण १९६५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या कारकुनाच्या कचेरीत गेला. गोल्डवॉटरला पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं-पत्ते तिथे कायद्याने नोंदलेले होते आणि ते कुणीही पाहू शकत होतं. झेरॉक्सची मुभा नव्हती. त्याने हाताने नावं उतरवायला सुरुवात केली, मग मदतीला बायका नेमल्या, आणि सुमारे साडेबारा हजार पत्ते वहीत आले. त्या यादीवरून टपालाने पैसे मागायचा धंदा उभा राहिला, आणि पुढच्या पंधरा वर्षांत त्या टपालावर अर्धी चळवळ जगली. नेत्याने आपटी खाल्ली होती. पण ज्यांनी त्याला पैसे दिले होते ते आपापल्या घरी जिवंत होते, आणि त्यांचा पत्ता कुणाकडे तरी होता. माझ्या लेखी पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच.

फिलिस श्लाफ्ली यांचंही तसंच. इलिनॉयमधल्या आल्टन गावच्या, सहा मुलांच्या आई. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये काँग्रेसने भरघोस मतांनी मंजूर केली. ३८ राज्यांनी मान्यता दिली की झालं, आणि पहिल्या वर्षभरातच तिसाच्या आसपास राज्यांनी दिलीही होती. दोन्ही पक्ष बाजूने, अध्यक्ष बाजूने. श्लाफ्लीबाईंनी 'स्टॉप ई.आर.ए.', म्हणजे 'ही दुरुस्ती थांबवा', ही मोहीम काढली आणि राज्याराज्यांत गृहिणींची जाळी विणली. या बायका आमदारांच्या दारात घरी भाजलेला पाव आणि मुरंबे घेऊन जायच्या. माझी मुलगी हे ऐकून हसते. ती त्या दुरुस्तीच्या बाजूची आहे, आणि तिचं म्हणणं मला पटतही आलंय. पण तंत्र म्हणून पाहा. दुरुस्ती ३५ राज्यांवर अडकली आणि १९८२ मध्ये मुदत संपली. या बायकांकडे ना पैसा होता ना वर्तमानपत्रं. कोणत्या आमदाराला किती मतांची भीती आहे हे मात्र त्यांना घरोघरचं ठाऊक होतं.

आणि तिसरी गोष्ट वकिलांची. १९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या काही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरलिस्ट सोसायटी काढली, कारण वर्गात त्यांना एकटं पडल्यासारखं वाटायचं. शिकागोत त्यांना मार्गदर्शन करणारे प्राध्यापक अँटोनिन स्कालिया, येलमध्ये रॉबर्ट बोर्क. पाच वर्षांनी रेगन यांनी बोर्क यांना सुप्रीम कोर्टासाठी नेमलं आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ ने परत पाठवलं. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी डेव्हिड सूटर यांना नेमलं. ते कोर्टात जाऊन समोरच्या बाजूने मत देऊ लागले. तेव्हापासून चळवळीत 'पुन्हा सूटर नको' ही घोषणाच झाली. २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी स्वतःच्या कचेरीतल्या वकीण हॅरिएट मायर्स यांचं नाव पुढे केलं तेव्हा चळवळीने आपल्याच अध्यक्षाला अडवलं. मायर्स यांनी माघार घेतली, सॅम्युअल अलिटो आले. सतरा वर्षांनी, २४ जून २०२२ ला, गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणारा निकाल याच अलिटो यांनी लिहिला. तो हक्क देणारा रो निकाल १९७३ चा. एकोणपन्नास वर्षं लोक एका निकालामागे लागून होते. निकाल तुम्हाला आवडो न आवडो, ही चिकाटी कुठल्याही पक्षाच्या निवडणूक खात्यात सापडणार नाही. पक्ष दोन वर्षांपलीकडचं पाहू शकत नाही, हा त्याचा स्वभावच आहे.

२००५ ची ती घटना लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मधला काळ झपाट्याने सांगतो. १९७६ मध्ये रेगन यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला, जेराल्ड फोर्ड यांना, आव्हान दिलं आणि कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात १,१८७ विरुद्ध १,०७० असे हरले. १९८० मध्ये ४४ राज्यं जिंकून आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि गाठोड्याची गाठ सैल झाली, पण १९९४ मध्ये न्यूट गिंगरिच यांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह मिळवून दिल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग इराक. मग सप्टेंबर २००८, बँका बुडाल्या आणि ७०० अब्ज डॉलरची मदत मागायला कोण आलं, तर आमचाच अध्यक्ष. त्या आठवड्यात मी फोनवर बसलो होतो. आमच्या यादीतले लोक, ज्यांनी वीस वर्षं 'सरकारने बाजारात हात घालू नये' हे आमच्याकडून ऐकलं होतं, ते फोनवर शांतपणे विचारत होते, 'मग माझं गहाण घर कोण सोडवणार?' माझ्याकडे छापील उत्तर होतं. ते मी वाचलंही. त्याची लाज अजून वाटते.

टी पार्टी नावाची बंडाची लाट त्या रागातून आली. २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात ६३ जागांची भर पडली. आमच्या फायरहाऊसमध्ये खुर्च्या कमी पडल्या. आम्हाला वाटलं, हे लोक सरकारी तुटीवर चिडलेत. काही होतेही. पण दारोदार फिरताना मला जे ऐकू यायचं ते वेगळं होतं: पेन्शनला, मेडिकेअरला (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हात लावू नका, वर बसलेल्यांनी आपल्याला विकलंय, आणि ही माणसं इतकी बाहेरून येतात कुठून? शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर समोरच्याच्या लक्षात यायचं की समोर मी उभा आहे. मग 'अर्थात, तुमच्याबद्दल नाही म्हणत' असं म्हणून पाणी विचारलं जायचं. मी पाणी प्यायचो. वर कमिटीला कळवलं की लोक खर्चकपात मागतच नाहीत. तिथे कुणाला ऐकायचं नव्हतं.

२०१२ मध्ये आमचे उमेदवार मिट रॉम्नी हरले. मार्च २०१३ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने पराभवाची चिकित्सा करणारा शंभरेक पानांचा अहवाल काढला. सगळे त्याला 'शवविच्छेदन' म्हणत. त्यात सांगितलं होतं की स्थलांतराबद्दल मवाळ व्हा, नाही तर हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, मतदार कायमचे जातील. तीन वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प नावाच्या उमेदवाराने त्या अहवालाच्या नेमकं उलट केलं आणि तो जिंकला. मिशिगनमध्ये १०,७०४ मतांनी. आणि पुढचा विनोद असा की २०२४ मध्ये हिस्पॅनिक मतदारच त्याच्याकडे वळले. टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी, जिथे जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची, तिने १८९२ नंतर प्रथमच अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं. आमच्याकडे यंग्सटाऊनभोवतीच्या महोनिंग काउंटीने, पोलाद कामगारांच्या बालेकिल्ल्याने, २०२० मध्ये निक्सननंतर पहिल्यांदा हेच केलं. शवविच्छेदन करणाऱ्यांनी चुकीचं प्रेत उघडलं होतं.

तर आज गाठोड्यात काय उरलं? एक उदाहरण माझ्या घरापासून अर्ध्या तासावरचं आहे. लिकिंग काउंटीत शेतं विकत घेऊन इंटेलने २०२२ मध्ये चिप कारखान्याची घोषणा केली. तेव्हा सत्तेवर डेमोक्रॅट होते आणि सरकारी अनुदान ही समाजवादी खोड आहे म्हणून आमच्या कमिटीत दोन लोकांनी निषेधाचा ठराव मांडला. काम लांबत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये रिपब्लिकन सरकारने त्याच इंटेलमधली सुमारे दहा टक्के भागीदारीच घेतली. अनुदान सोडा, सरकार आता भागधारक. या वेळी ठराव आला नाही. मी त्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, 'चीनशी लढायचं तर हे करावं लागेल.' दुसऱ्याने विषय बदलला.

पहिल्याचं म्हणणं मी थट्टेवारी नेत नाही. ज्यांना राष्ट्रीय कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात, २०१९ पासून ज्यांची अधिवेशनं भरतात, त्यांची मांडणी हीच आहे: बाजार देशासाठी आहे, देश बाजारासाठी नाही, कारखाना गेला की लग्नं होत नाहीत, मुलं होत नाहीत, चर्च ओस पडतं. ओहायोत राहून हे खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि लॉर्ड्सटाऊनचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१९ मध्ये बंद पडताना मी डोळ्यांनी पाहिला. त्यांचा आजार ओळखलेला आहे. औषधाबद्दल मला शंका आहे, कारण आयातशुल्काने पोलाद महागतं तेव्हा पोलाद वापरणारा छोटा कारखानदार आधी मरतो, आणि तो आमच्याच यादीतला असतो. उलट बाजूला २०२३ मध्ये मोकळ्या बाजाराच्या जुन्या मंडळींनी आपलं जाहीर निवेदन काढलं. सह्या मोठमोठ्या होत्या. पण माझ्या प्रिसिंक्टमध्ये ते वाचलेला माणूस मी एकटा असेन.

तुटीचं विचाराल तर ते तत्त्व आता समारंभापुरतं राहिलंय. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या करकपातीच्या मोठ्या कायद्याने दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे. देशाचं कर्ज त्याच वर्षी ३८ लाख कोटींच्या वर गेलं. आमच्या पक्षाचे असून त्या कायद्याच्या विरोधात गेलेले खासदार बोटावर मोजण्याइतके.

आणि ज्या विजयासाठी एकोणपन्नास वर्षं घालवली, त्याचंही ऐका. निकालानंतर सहा आठवड्यांत कॅन्ससमध्ये, जिथे लोक डोळे मिटून रिपब्लिकनांना मत देतात, गर्भपाताचा हक्क घटनेतून काढायचा प्रस्ताव ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. २०२३ मध्ये आमच्या ओहायोने तो हक्क राज्यघटनेत घातला, जवळपास ५७ टक्के मतांनी. त्या मोहिमेत मी दारं ठोठावली नाहीत, एवढंच सांगतो. २०२४ च्या पक्षाच्या जाहीरनाम्यात हा विषय राज्यांवर सोपवून पक्ष मोकळा झाला. जाहीरनामा सोळा पानांचा होता. २०२० मध्ये तर नवा जाहीरनामाच नव्हता. अध्यक्षांच्या धोरणाला पाठिंबा असा ठराव करून काम भागवलं. कमिटीत आम्ही स्थानिक ठरावातल्या एका स्वल्पविरामावर रात्री अकरापर्यंत भांडलेली माणसं. राष्ट्रीय पक्षाने पान कोरं ठेवलं हे वाचून मला आधी वाटलं बातमी चुकली आहे.

आता २००५ कडे परत येऊ. तेव्हा चळवळ आपल्या अध्यक्षाला म्हणाली, 'ही नेमणूक नको', आणि त्याला ऐकावं लागलं. बकली यांनी १९६२ मध्ये जॉन बर्च सोसायटी या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेच्या प्रमुखाला, जो आयझेनहॉवरनाही कम्युनिस्टांचा हस्तक म्हणायचा, आपल्या मासिकातून बाहेरचा रस्ता दाखवला, वर्गणीदार गमावून. आज? मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या न्यायालयाने अध्यक्षांची आणीबाणीची आयातशुल्कं बेकायदा ठरवली. तीन न्यायाधीश, एक रेगन यांनी नेमलेला, एक ओबामांनी, एक खुद्द ट्रम्प यांनी, निकाल एकमताचा. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी राग काढला तो फेडरलिस्ट सोसायटीवर आणि तिचा कारभार अनेक वर्षं पाहिलेल्या लिओनार्ड लिओ यांच्यावर. म्हणजे ज्या याद्यांमधून त्यांनी पहिल्या कारकिर्दीत न्यायाधीश निवडले, त्या याद्या करणाऱ्यांवर. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हेरिटेज फाउंडेशन या अभ्यासगटात, १९७३ पासूनच्या चळवळीच्या या सगळ्यात मोठ्या वाड्यात, भाऊबंदकी पेटली. टीव्हीवरून नावारूपाला आलेले टकर कार्लसन यांनी उघड ज्यूद्वेष्ट्या माणसाची गुळमुळीत मुलाखत घेतली, हेरिटेजच्या अध्यक्षांनी कार्लसन यांची पाठराखण केली, आणि त्यावरून विश्वस्त आणि कर्मचारी बाहेर पडले. कुणाला दारात उभं करायचं नाही हे ठरवणारं माणूस घरात उरलं नाही, हा त्या भांडणाचा अर्थ मी लावतो.

या दारावरच्या भांडणाशी आपलाही संबंध आहे. 'हेरिटेज अमेरिकन' असा एक शब्द फिरतोय. ज्यांचे पूर्वज आधी आले ते जास्त अमेरिकन, असा त्याचा भाव. सिनसिनाटीत जन्मलेले विवेक रामस्वामी ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, त्यांना अध्यक्षांचा पाठिंबा मिळाला, तरी इंटरनेटवर त्यांच्या धर्मावरून जे लिहिलं जातं ते इथे उतरवण्यासारखं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जासाठी एक लाख डॉलर शुल्क लागलं तेव्हा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला घेरून लोकांनी विचारलं, 'आता काय म्हणतो तुमचा पक्ष?' मी म्हटलं, पक्ष काय म्हणतो ते तुम्ही वाचलंच आहे. मी काय म्हणतो ते कमिटीत सांगितलंय. सांगितलं होतं. तिघांनी हात वर केले, माझ्यासह.

मग पुन्हा उभी राहील का? माझा अंदाज सांगतो. त्याला अंदाजाइतकीच किंमत द्या. जुनं गाठोडं जसंच्या तसं बांधलं जाणार नाही. ज्यांच्या मतांवर पक्ष आता उभा आहे ते पेन्शन कापू देणार नाहीत आणि मुक्त व्यापाराला टाळ्या वाजवणार नाहीत. जे कुणी पुढे चळवळ बांधतील त्यांना या मतदाराला धरूनच बांधावं लागेल. पण चळवळ म्हणून ती उभी राहिली की नाही याची कसोटी २०२८ मध्ये उमेदवार कोण, ही नव्हे. घटनेप्रमाणे ट्रम्प यांची ही शेवटची कारकीर्द. ते गेल्यावर जो येईल त्याला 'हे नको' म्हणणारी, आणि म्हटल्यावर ऐकावं लागेल अशी, जागा कुठे तयार होते आहे, ते बघायचं. वकिलांकडे ती थोडी शिल्लक आहे. शुल्कांविरुद्धचा खटला लढवणाऱ्यांत लिबर्टी जस्टिस सेंटरसारखी मोकळ्या बाजाराची संस्था होती, हे मला आशेचं वाटतं. राज्यांच्या विधिमंडळांत थोडी आहे. वॉशिंग्टनच्या अभ्यासगटांत मला दिसत नाही; तिथे सगळे पुढच्या सरकारातल्या खुर्च्या मोजतायत.

तरुणांत? चार्ली कर्क यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या टर्निंग पॉइंटने कॉलेजांत जे जाळं उभं केलं तसं माझ्या हयातीत कुणी केलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये युटातल्या एका विद्यापीठात त्यांची हत्या झाली. त्यांच्या बऱ्याच मतांशी माझं जुळलं नाही, पण तो मुलगा व्हिगरीच्या जातीचा होता, नावं आणि पत्ते गोळा करणारा. ती यादी आता कोण वापरतं आणि कशासाठी, यावर बरंच ठरेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनियाचं गव्हर्नरपद हातचं गेलं, न्यू जर्सीतही आमचा उमेदवार हरला. आमच्या इथे पराभवाने माणसं दमत नाहीत, तोंडं उघडतात. जिंकल्यावर गप्प बसलेली तीन-चार माणसं त्या आठवड्यात मला आपणहून फोन करून बोलली.

माझी जागा मी या खेपेला सोडतोय. गुडघे जिने चढू देत नाहीत. त्या जागेसाठी आमच्याच गल्लीतला एक चोवीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन अर्ज घेऊन सहीसाठी आला. युनियनमध्ये आहे, चर्चला जातो, चीनवर शुल्क लावा म्हणतो, आणि कर्ज इतकं वाढवून माझ्या पोरांनी ते फेडायचं का, असंही विचारतो. बायको फिलिपिन्सची आहे. गोल्डवॉटर हे नाव त्याने ऐकलं नव्हतं. सही दिली आणि आतून माझा खोका आणून दिला: सव्वातीनशे घरांची कार्डं, कुणाचं कुत्रं चावतं, कुणाचा नवरा वारला, कोण २००८ नंतर दार उघडत नाही, सगळं माझ्या अक्षरात.

त्याने दोन-चार कार्डं चाळली आणि विचारलं, 'हे एक्सेलमध्ये नाही का?'